जुन्या अकूस्टिक गिटारच्या प्रीअँपचं सर्किट उलगडताना

गिटार ऐंशीच्या दशकातली, जपानी बनावटीची. ब्रिजच्या सॅडलखाली तारांचा कंप विजेत बदलणारी पिएझो पट्टी, बाजूच्या फळीत बसवलेला प्रीअँप, म्हणजे तो सिग्नल अँपकडे जाण्याआधी सावरणारं छोटं सर्किट, त्यावर व्हॉल्यूम, बेस आणि ट्रेबलचे तीन स्लायडर आणि 9 व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा. ज्या काकांची ती होती त्यांनी ऑर्केस्ट्रात उमेदीची वर्षं तिच्यावर घालवली होती. प्रीअँपचा आवाज आधी फाटायला लागला, मग बंदच पडला. "नवा बसवायला मला कुणीही सांगेल रे," काका म्हणाले, "पण नव्यात तो पत्र्यासारखा आवाज येतो. मला माझाच हवा."

सर्किट डायग्राम कुठे मिळाला नाही. बॅटरी कधीतरी गळून बोर्डाच्या एका कोपऱ्यातले ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या वाटा, हिरवे होऊन तुटले होते, आणि आयसीवरचा नंबर कारखान्यातच घासून काढलेला होता. म्हणजे नुसती दुरुस्ती करून भागणार नव्हतं, सर्किट मुळापासून काढावं लागणार होतं.

आधी व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने गळतीचा क्षार काढला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसला. तांब्याची आणि पार्टची अशा दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, तांब्याच्या बाजूचा फोटो आरशातल्यासारखा उलटवला आणि लॅपटॉपवर दोन्ही एकमेकांवर अर्धपारदर्शक ठेवले. बोर्ड एकपदरी, तपकिरी फेनोलिकचा होता. मागून टॉर्च धरला की ट्रॅक सावलीसारखे दिसतात. उरलेलं काम मल्टिमीटरच्या बझरने झालं. रेझिस्टर बोर्डावरच मोजले तर शेजारच्या वाटांमुळे आकडा कमी दाखवू शकतात, म्हणून रंगपट्ट्यांवर भरवसा ठेवला आणि शंका आली तिथेच एक पाय सोडवला.

आयसीचं कोडं सोपं निघालं. आठ पाय. 4 नंबर ग्राउंडला, 8 नंबर बॅटरीच्या प्लसला, 1-2 आणि 6-7 या जोड्यांमध्ये फीडबॅक. हा ड्युअल ऑप-अँपचा, म्हणजे सिग्नल वाढवणारी दोन सर्किटं एकत्र असलेल्या आयसीचा, ठरलेला साचा. पण कुठला? ते करंटने सांगितलं, अर्थात तुटलेले ट्रॅक जोडल्यावर. बॅटरीच्या वाटेत मीटर लावला तर सगळं सर्किट मिळून जेमतेम 0.95 मिलिअँपिअर. त्यातून बाकीच्यांचा वाटा वजा केला की आयसीच्या नावावर 0.4 च्या आसपास उरतात. 4558 ने एकट्याने काही मिलिअँपिअर खाल्ले असते, टीएल072 ने अडीचच्या वर. टीएल062 मात्र प्रत्येक अर्ध्याला 0.2 घेतो. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत तो किंवा त्याचा भाऊबंदच असणार.

इनपुटला 2एसके30ए हा जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) होता, त्याचा नंबर सुदैवाने शाबूत. त्याच्या गेटवर, म्हणजे सिग्नल आत येतो त्या पायावर, पिवळा-जांभळा-हिरवा, म्हणजे 4.7 मेगओहमचा रेझिस्टर. एवढा मोठा का, हे समजून घेणं महत्त्वाचं. पिएझो पट्टी म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर, साधारण 1 नॅनोफॅरॅडचा. तो थेट 1 मेगओहमच्या अँपला जोडला तर 160 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, आणि गिटारची जाड ई तार 82 हर्ट्झची. 4.7 मेगओहमवर तीच सीमा 34 हर्ट्झपर्यंत खाली जाते. बेस वाचतो तो इथे.

तुटलेल्या कोपऱ्यात तीन टोकं अनाथ होती: त्या 4.7 मेगओहमचं खालचं टोक, एका ऑप-अँपचा प्लस इनपुट आणि दोन 100के (100 किलोओहम) रेझिस्टरांचा मधला सांधा, शेजारी 47 मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. एकाच बॅटरीवर ऑडिओ चालवायचा तर कुणीतरी मधला 4.5 व्होल्ट बनवायला हवा. दुसरं काही तिथे असूच शकत नव्हतं. तीन टोकं जोडली, पण सांध्यावर 3 च्याही खाली व्होल्ट. इलेक्ट्रोलायटिकच आतून गळत होता. तो बदलला आणि साडेचार आले. जोरात वाजवल्यावर आवाज फाटण्याचं कारणही हेच: सिग्नलला खालच्या बाजूला जागाच उरत नव्हती.

गेटवर मीटर धरला तर मात्र 3.06 व्होल्टच. इथे घाबरू नये. मीटरचे स्वतःचे 10 मेगओहम त्या 4.7 शी मिळून व्होल्टेज वाटून घेतात. म्हणून जेफेटचा सोर्स, म्हणजे इथे सिग्नल बाहेर पडतो तो पाय, मोजावा. तिथे 5.1 आले, म्हणजे गेटपेक्षा थोडे वर, जसे असायला हवेत.

स्लायडरांभोवती बेस-ट्रेबल कमीजास्त करणारी बॅक्सँडॉलची मांडणी. पीटर बॅक्सँडॉलने 1952 साली छापलेली ही रचना इतक्या सर्किटांत आहे की दोनचार पार्ट दिसले की पुढचे आपोआप ओळखू येतात. त्यात वेळ गेला नाही.

वेळ घेतला तो जेफेट आणि ऑप-अँपच्या मधल्या चार पार्टनी. 103 लिहिलेले, म्हणजे 10 नॅनोफॅरॅडचे, दोन कपॅसिटर एकापाठोपाठ, त्यांच्या सांध्यातून ग्राउंडला 4.7के आणि दोघांना वळसा घालून 22के. कुठल्याही स्लायडरशी संबंध नाही. कागदावर बॅक्सँडॉलच्या शेजारी काढले तर ते ट्रेबलचाच भाग वाटत. सगळं पुसून ते चारच पार्ट वेगळे काढले तेव्हा आकार दिसला: ब्रिज्ड-टी. खालचे सूर 22के मधून जातात, वरचे कपॅसिटरांतून, आणि मधे एक खड्डा पडतो. गणित केलं: मध्य 1,565 हर्ट्झ, खोली साडेदहा डेसिबल. एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्येही तेच आलं. मग 1 नॅनोफॅरॅडमधून, म्हणजे पिएझो असल्याचं सोंग करून, इनपुटला साइन वेव्ह दिली. दीड हजारांच्या जरा पुढे ऑसिलोस्कोपवरची लाट अंग चोरून बसली.

पिएझोचा 'पत्रा' कानाला सगळ्यात जास्त खुपतो तो साधारण याच पट्ट्यात. डिझाइनरने तो कायमचा कापून टाकला होता आणि वाजवणाऱ्याच्या हातात त्याचं बटणही ठेवलं नव्हतं. नव्या प्रीअँपवर बेस-ट्रेबल कितीही फिरवले तरी काकांचा आवाज का सापडत नव्हता, ते या चार पार्टांत होतं.

पुढे तसंच दुसरं सर्किट झिरो पीसीबीवर, म्हणजे छिद्रांच्या कोऱ्या बोर्डावर, बनवलं आणि 22के च्या जागी पोटेन्शिओमीटर लावला. काकांना न सांगता तो कमी करत आणला, तसा खड्डा उथळ झाला. "आता तो दुकानातल्यासारखा वाजायला लागला," ते लगेच म्हणाले. पोटेन्शिओमीटर परत 22के वर नेला.

कुणी असंच बनवणार असेल तर एक सांगतो. 2एसके30ए च्या नावावर काहीही विकलं जातं. पुण्याच्या तपकीर गल्लीत मला मिळालेल्यांपैकी काही तर जेफेटच नव्हते. बदली म्हणून 2एन5457 चालतो, पण त्याचा गेट कडेच्या पायावर येतो, 2एसके30ए चा मधल्या. पाय वाकवूनच घालावा लागतो, आणि वाकवल्यावर एका पायावर स्लीव्ह चढवावी.