छापायच्या दिवशी गळालेली पंधरा पानं

पुस्तिका १०४ पानांची होती. पीडीएफ काढण्यासाठी दुसऱ्या संगणकावर उघडली, तर ८९ पानं भरली. मजकूर गळाला असणार, ही पहिली भीती. म्हणून आधी दोन्हीकडची शब्दसंख्या ताडून पाहिली. ती तंतोतंत जुळली. म्हणजे मजकूर शाबूत होता, ओळींची उंची बदलली होती. अनुक्रमणिकेतले आकडे हातानं भरलेले, त्यामुळे ते सगळे चुकले.

संशय फॉन्टवर होता, पण वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत दोन्हीकडे ‘मंगल’च दिसत होतं. या चौकटीवर विसंबू नये. तिथे फाइलीत नोंदलेलं नाव दिसतं, फॉन्ट संगणकावर असो वा नसो. खरं उत्तर पीडीएफमध्ये मिळतं: ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून ‘फॉन्ट्स’चा टॅब उघडायचा. तिथे मंगल नव्हता, निर्मला यूआय होता.

र. कृ. जोशींनी रेखाटलेला मंगल विंडोज २००० पासून सोबत येत असे, म्हणून तो असणारच असं आपण धरून चालतो. विंडोज १० मध्ये तो कोकिळा, उत्साह, अपराजिता यांच्यासह ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात गेला. मूळ संचात उरला निर्मला यूआय. तो मेनू आणि बटणांसाठी घडवलेला असल्यानं त्याची ओळ आटोपशीर आहे, मंगलची ऐसपैस. पंधरा पानं तिथे गेली. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून तो भाग उतरवून घेतला आणि पानं पुन्हा १०४ झाली.

पण पुढच्या आवृत्त्यांची पीडीएफ लिनक्स सर्व्हरवर निघणार होती. मंगलची फाइल तिथे टाकू, अशी सूचना आली. ती मान्य करता येत नव्हती. जुन्या छपाईतले शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, वजनावर विकत मिळत आणि घेणाऱ्याच्या मालकीचे होत. फॉन्टचा फक्त वापरायचा परवाना मिळतो, आणि संगणकासोबत आलेल्या फॉन्टचा परवाना त्या प्रणालीपुरता असतो. फाउंड्रीकडून, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेकडून, थेट घेतला तरी डेस्कटॉप, वेबसाइट, ॲप, सर्व्हर यांचे परवाने सहसा वेगवेगळे. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करणं ही आणखी निराळी गोष्ट. त्याची परवानगी फॉन्टच्या आतच ‘एफएसटाइप’ या आकड्यात नोंदलेली असते: ० म्हणजे मोकळीक, ४ म्हणजे पाहण्या-छापण्यापुरती, ८ म्हणजे संपादनासह, २ म्हणजे मनाई. पीडीएफ पाठवता येते म्हणून फॉन्टची फाइलही देता येते, असं नाही.

शेवटी नोटो सेरिफ देवनागरी घेतला. तो एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखाली आहे, त्यामुळे तीच फाइल सर्व्हरवर आणि प्रत्येक संगणकावर ठेवता येते. तीच, हे महत्त्वाचं: एकाच नावाच्या फॉन्टच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत अक्षरं कमी-जास्त असतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसल्यानं तेवढंच एक अक्षर भलत्या फॉन्टमधून येतं आणि ओळीत उपरं दिसतं.

वर्डमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या रकान्यात द्यावे लागतात, वरच्या रकान्यात बदलून मराठी मजकूर हलत नाही. आम्ही स्टाइलमध्येच ते बसवलं, १२ पॉइंटच्या मजकुराला ओळ ‘एक्झॅक्टली’ १९ पॉइंट दिली आणि अनुक्रमणिका शीर्षकांवरून आपोआप बनवून घेतली. ‘एक्झॅक्टली’ जास्त आवळलं तर रफारावरची वेलांटी कापली जाते. म्हणून ‘र्कीं’ आणि ‘ङ्क्षा’ एकाखाली एक ठेवून पाहिलं. वाङ्मय, उच्छ्वास, आर्द्र, वाऱ्यावर हे शब्दही तपासले.

प्रूफात तरीही काही ठिकाणी ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुसर्या’ सापडलं. दोष नव्या फॉन्टवर ढकलला गेला. तोच शब्द निर्मलात टाकला, तिथेही ‘दुसर्या’च. म्हणजे चूक मजकुरात होती. हे शब्द र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह अशा पद्धतीनं टाइप झाले होते, आणि मजकूर साफ करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं ते अदृश्य चिन्ह उडवलं होतं. ऱ आणि हलन्त वापरून लिहिलेले शब्द वाचले. ‘दुसर्या’ सरसकट बदलता आलं. ‘आचार्यांना’ मात्र प्रत्येक ठिकाणी वाचून ठरवावं लागलं, कारण गुरूंबद्दल आहे की स्वयंपाक्यांबद्दल, हे वाक्यच सांगू शकत होतं.