सुकाऊची नदी, दानुमचं जंगल: बाबांबरोबर बोर्निओत आठ रात्री

कोकणातल्या आमच्या गावच्या देवराईत धनेशाची जोडी येते, आणि गेली तीस वर्षं बाबा तिची नोंद वहीत ठेवतात. निवृत्तीनंतर त्यांनी एकच हट्ट धरला होता, बोर्निओतले धनेश बघायचे. यंदा एप्रिलमध्ये तो योग आला. बोर्निओ बेटाचा उत्तर कोपरा म्हणजे मलेशियाचं सबाह राज्य. तिथे आम्ही सेपिलोकला दोन, किनाबातांगान नदीकाठच्या सुकाऊ गावात तीन आणि दानुम खोऱ्यात तीन अशा आठ रात्री राहिलो. बाबा सहासष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांचा एक गुडघा दुखतो, तरी हा प्रवास त्यांना नीट झेपला.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर सध्या मलेशियात पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. सवलत मुदतीची आहे, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी ती चालू आहे ना ते पाहा. क्वालालंपूरहून सेपिलोकजवळच्या सांडाकानचं विमान देशांतर्गत असलं तरी सबाहची इमिग्रेशन स्वतंत्र आहे; तिथे पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो, म्हणून तो बॅगेच्या तळाशी ठेवू नका. रोख रक्कम सांडाकानलाच काढून घ्या. प्लगला चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो.

सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र १९६४ पासून चालू आहे. अनाथ झालेली पिल्लं इथे वाढवतात, झाडावर चढायला, घरटं करायला शिकवतात आणि मग जंगलात सोडतात. सकाळी दहा आणि दुपारी तीनला फळं ठेवतात. रानात फळांचा हंगाम असला तर फार कुणी खाली येत नाही, आणि तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. पोट बाहेरच भरतंय, याचसाठी तर केंद्राचा सगळा खटाटोप. शेजारीच सूर्य अस्वलांचं केंद्र आहे. जगातलं हे सर्वांत छोटं अस्वल, छातीवर पिवळसर चंद्रकोर. संध्याकाळी मात्र रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटरमधल्या उंच लोखंडी पुलावर जा. दिवस मावळताना मोठी तांबडी उडणारी खार खोडाच्या शेंड्यावर येऊन बसली, क्षणभर थांबली आणि आमच्या डोक्यावरून तरंगत पलीकडच्या झाडावर गेली. तिकडे पूल सपाट आहे, बाबांच्या गुडघ्याला काही त्रास झाला नाही.

सुकाऊला एकच रात्र राहायचा सल्ला आम्हाला एका एजंटाने दिला होता. तो ऐकला नाही, हे फार बरं झालं. किनाबातांगान ही सबाहमधली सर्वांत लांब नदी, ५६० किलोमीटर. इथे सगळं बघणं होडीतून: पहाटे सहाला एक फेरी, दुपारी चारला दुसरी. दुपारची चुकवू नका. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं दिवसभर आत पानं खातात आणि झोपायला रोज संध्याकाळी नदीकाठच्या झाडांवर येतात. एका फांदीवर आठ-दहा जण, मध्ये ढेरपोट्या नर. ती ढेरी पानं आंबवून पचवणाऱ्या मोठ्या पोटाची. आमचा नावाडी ओरांग सुंगाई समाजाचा होता. मलायमध्ये ओरांग म्हणजे माणूस, सुंगाई म्हणजे नदी. पाण्यावरच्या एका बुडबुड्यावरून तो सुसर ओळखायचा.

हत्ती पहिल्या दिवशी दिसले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे नावाड्याने दूरवरच इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने होडी काठाला घेतली. काठावरच्या उंच गवतात बोर्निओचे सात बुटके हत्ती होते, त्यांत एक पिल्लू आईच्या पायांमध्ये उभं. अर्धा तास कुणी बोललं नाही. पलीकडे दुसरी होडी इंजिन चालू ठेवून जवळ सरकायला लागली, तेव्हा कळपातल्या मोठ्या मादीने कान ताठ केले. आमच्या नावाड्याने हात हलवून त्यांना थांबवलं. तुम्ही गेलात तर अंतर ठेवायला आपणहून सांगा. पाहुण्यांनी हट्ट धरला नाही तर नावाड्यालाही सोपं जातं.

परत येताना बाबांनी विचारलं, "एवढे प्राणी एका नदीवर कसे काय?" नावाड्याने काठाकडे बोट दाखवलं. झाडांची ओळ संपते त्याच्या मागेच पामतेलाची लागवड सुरू होते, सरळ रेषेत, क्षितिजापर्यंत. कित्येक ठिकाणी जंगलाची पट्टी अगदी अरुंद आहे. प्राणी सहज दिसतात, कारण त्यांना जायला दुसरी जागाच उरलेली नाही. बाबा त्यानंतर बराच वेळ गप्प होते. मलाही त्या दिवसापासून हत्तींचे फोटो दाखवताना ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

म्हणूनच दानुमला नदीनंतर जा, आधी नको. लाहाद दातू शहराहून कच्च्या रस्त्याने दोन-अडीच तास. इथे ४३८ चौरस किलोमीटरचं कधीच न तोडलेलं जंगल आहे, आणि तिथे प्राणी दिसणं अवघड आहे. तीन दिवसांत आम्हाला एकच ओरांगउटान दिसला, तोही इतक्या उंचावर की पानांतून फक्त एक लालसर हात खाली आला, फांदी धरली आणि गेला. सुकाऊशी आकड्यांनी तुलना केली तर दानुम तुम्हाला रिकामं वाटेल. तसं करू नका. इथे मान वर करून झाडं बघायची. तीस-चाळीस मीटरपर्यंत फांदी नसलेली सरळ खोडं, तळाशी भिंतीसारखी आधारमुळं. आपल्या मध्य भारतातल्या सालाचे हे भाऊबंद. याच खोऱ्यातल्या पिवळी मेरांती जातीच्या एका झाडाची उंची २०१९ मध्ये शेंड्यावर चढून टेपने मोजली, ती १००.८ मीटर भरली. यांची फळं पंखांची असतात, भिरभिरत खाली येतात. एक बाबांच्या टोपीवर पडलं.

जळवांची भीती घालणारे बरेच भेटतील. पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडलेल्यांना त्या नव्या नाहीत, फक्त इथली पट्टेरी वाघजळू चावली की झोंबते आणि ती पानांवरूनही अंगावर येते. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे पॅन्टवरून चढवा, शर्ट आत खोचा. चिकटलीच तर मीठ किंवा पेटती काडी नको, नखाने तोंडाशी सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, त्याने घाबरू नका. डासांचा विषय जास्त गंभीर आहे: सबाहमध्ये माकडांकडून माणसात येणारा मलेरिया आहे. निघण्याआधी डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल बोला, आणि परतल्यावर ताप आला तर कुठे गेला होतात ते आधी सांगा.

जेवणाचं: बाबा शाकाहारी आहेत. कांगकुंग म्हणजे आपली नाळीची भाजी सगळीकडे मिळते, पण ती बहुधा बेलाचानमध्ये परततात, म्हणजे जवळा आंबवून केलेल्या गोळ्यात. "तानपा बेलाचान", म्हणजे बेलाचानशिवाय, एवढं पाठ करून जा. भाषेची भीती बाळगू नका. बहासा म्हणजे भाषा, केपाला म्हणजे डोकं, आपल्या कपाळाचाच भाऊ. बाबांनी दोन दिवसांत असे पंधरा शब्द जमवले.

मार्च ते ऑक्टोबर हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पूर्वेकडे पाऊस जोराचा असतो आणि नदीला पूर येतो. दानुमला संशोधन केंद्रातल्या साध्या खोल्या महागड्या लॉजपेक्षा कितीतरी स्वस्त, पण त्या मोजक्या आहेत आणि लाहाद दातूहून गाडी ठरावीक वारांनाच सुटते. आधी त्या खोल्या आणि गाडी पक्की करा, बाकीच्या रात्री त्याभोवती बसवा. कॅमेरा एसी खोलीतून थेट बाहेर काढला की काच धुरकटते, तेव्हा पहाटे अर्धा तास आधी तो व्हरांड्यात ठेवा.

शेवटच्या सकाळी गिबन वानरांचं गाणं संपलं आणि दूरवरून हेल्मेटेड हॉर्नबिल या धनेशाची साद सुरू झाली. आधी एक-एक हुंकार, मग ते जवळजवळ येत गेले आणि शेवटी खदाखदा हसल्यासारखा आवाज. चोचीवरच्या भरीव शिंगासाठी या पक्ष्याची इतकी शिकार झाली आहे की तो आता नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे. आम्ही तासभर दुर्बीण लावून बसलो, पण तो काही दिसला नाही. बाबांच्या वहीत नोंद आहे: "दानुम, सकाळी ६.४०. फक्त आवाज. हुंकार मोजले, ४१."