माउलब्रॉनचा मठ: घाईने बघू नका

जर्मनीत श्टुटगार्टकडे राहत असाल किंवा कामानिमित्त तिकडे जाणं होणार असेल, तर एक सुट्टी माउलब्रॉनसाठी राखून ठेवाच. रिजनल ट्रेनने म्युलाकर, तिथून स्टेशनबाहेरच्या बसने ‘आल्टे पोस्ट’ थांबा, पुढे चालत मठाचं दार.

११४७ साली सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी वसवलेला हा मठ १९९३पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तटबंदीच्या आत दगडी इमारती आणि लाकडी चौकटींची घरं अजून उभी आहेत. गावाची नगरपालिकाही इथेच भरते. या आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, चर्च आणि ओवऱ्यांसाठी मात्र तिकीट आहे. ते काढाच, कारण खरा ऐवज आत आहे.

चर्चमध्ये एक आडवी दगडी भिंत दिसेल. अलीकडे कष्टाची कामं करणारे बंधू, पलीकडे दीक्षित साधू. एकाच देवळात दोन पंगती! जेवणघरंही वेगळी. साधूंच्या उंच जेवणघरासमोर ओवरीत कारंज्याचा मंडप आहे, जेवणाआधी हात धुवायला.

मला सर्वांत आवडली ती शेकण्याची खोली. खाली कमानीच्या भट्टीत जाळ करायचा, धूर निवला की वरच्या फरशीतली भोकं उघडायची, आणि गरम हवा खोलीत घ्यायची. ती भोकं आजही दिसतात. खाली वाकून नीट बघा. एरवी अख्ख्या मठात कडाक्याची थंडी असे. आत उन्हाळ्यातही गारठा जाणवतो, तेव्हा जाकीट असू द्या.

१५५६मध्ये इथे शाळा सुरू झाली. खगोलशास्त्रज्ञ केप्लर तिथेच शिकला. लेखक हर्मन हेसही होता, पण १८९२मध्ये तो पळून गेला. त्याच्या आईचा जन्म केरळातल्या तलश्शेरीचा, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मठ बघून झाला की लगेच परतू नका. साधूंनी बांधलेली तळी आणि पाट मठाभोवती पसरलेत. तळ्यांपर्यंत चालत गेल्याशिवाय एवढ्या माणसांचं पाणी, मासे, गिरण्या कशावर चालत हे कळत नाही.

जेवायला माउलटाशन, म्हणजे सारण भरलेले पास्त्याचे तुकडे, मिळतात. त्यात सहसा मांस असतं, म्हणून शाकाहारी मंडळींनी भाजीच्या सारणाचे आहेत का ते विचारावं, नाहीतर चीज घातलेले श्पेट्झ्ले (नूडल्ससारखा प्रकार) मागवावेत. रविवारी बसेस कमी असतात, परतीची वेळ उतरल्या उतरल्याच थांब्यावर बघून घ्या.