आधी डोळे, मग पेपर, मग पैसे

सोमवार, रात्री

बारावीचा निकाल लागल्यापासून घरात दुसरा विषय नाही. पोरीला पायलट व्हायचंय. फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही आहेत, मार्कही बरे आहेत, म्हणजे पहिली अट पुरी झाली. हे खूळ आजचं नव्हे. आमचं शेड गोकुळ शिरगावला, कोल्हापूरचा विमानतळ तिथनं हाकेच्या अंतरावर. लहानपणी सुट्टीत शेडवर आली की एटीआर विमानाचा आवाज ऐकून बाहेर पळायची.

आज एका ॲकॅडमीच्या सेमिनारला दोघं जाऊन आलो. हॉटेलचा एसी हॉल, चहा-बिस्किटं, पडद्यावर २०२३ चे आकडे: एअर इंडियाची ४७० विमानांची ऑर्डर, इंडिगोची ५००. "एवढे पायलट आणणार कुठून, सांगा?" असं तो टायवाला पोरगा दर पाच मिनिटांनी विचारत होता आणि आजूबाजूचे पालक माना डोलवत होते. मी पडलो जॉबवर्क करणारा माणूस. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, पाच हजार नगांची हातात असते आणि पार्टी माल उचलते महिन्याला दोनशे, हे आम्ही रोज भोगतो. इंडिगोची ती ५०० विमानं २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. आणि टंचाई आहे म्हणतात ती मुख्यतः अनुभवी कॅप्टनची. २०० तासांचं कोरं लायसन्स घेऊन इंटरव्ह्यूची वाट बघणारी पोरं काही कमी नाहीत. पडद्यावर त्यांचा फोटो नव्हता.

शेवटी "आजच बुकिंग केलंत तर फीमध्ये सवलत" सुरू झालं, तेव्हा उठलो. पोरगी घरी येईपर्यंत गाडीत बोलली नाही.

बुधवार

थोरल्या बहिणीचा मुलगा सांगलीहून आला होता. आज तो एअरबसवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. मुद्दाम लॉगबुक घेऊन ये म्हटलं होतं.

लॉगबुक मी पहिल्यांदाच हातात घेतलं. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, आमच्या जुन्या चोपडीसारखं. तारीख, विमान, व्हीटीनं सुरू होणारा नंबर, कुठून कुठं, सोबत इन्स्ट्रक्टर होता की एकटा, किती तास. सेसना १७२ च्या ओळीच ओळी. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः कमांडमध्ये. एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. त्या ओळीभोवती यानं लाल पेनानं चौकट केलीय. पानं उलटत गेलो. एका पानावर एक ओळ फेब्रुवारी २०२० ची. तिच्या लगेच खालची ओळ २०२२ ची. कागदावर दोन ओळींमध्ये बोटभरसुद्धा जागा नाही.

"मधे काय केलंस?" पोरीनं विचारलं.

"काय करणार? घरी बसलो. आत्याच्या क्लासला दहावीची गणितं शिकवली. कर्जाचा हप्ता पप्पा भरत होते." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, वाईट एवढंच वाटायचं की हातात दुसरं काहीच नव्हतं. बी.कॉम. बाहेरून केलं होतं, तेही नावापुरतं."

त्याच्या सीनियरांनी तर ओळीनं सगळं बघितलंय. २०१२ ला किंगफिशर एअरलाइन गेली, १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. आम्हा कोल्हापूरकरांना हे नवं नाही म्हणा. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली इथं विमानतळ झाला, आणि त्यानंतर विमानसेवा किती वेळा चालू-बंद झाली याचा हिशोब कुणी ठेवला नसेल. २०२४ ला नवं टर्मिनल झालं तेव्हा कुठं विश्वास बसला.

भाच्यानं एक गोष्ट चांगली सांगितली. खर्चाचा क्रम उलटा लावायचा नाही. लोक आधी ॲकॅडमीची फी भरतात, आणि मग मेडिकलमध्ये कळतं की लाल-हिरव्यातला फरक डोळ्याला दिसत नाही. चष्मा चालतो, पण रंगांचं जमत नसेल तर तिथंच गाडी अडते. म्हणून आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पहिली प्राथमिक तपासणी. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, त्यांच्या यादीवरचे डॉक्टर करतात, काही हजारांत होतं. मग डीजीसीएकडून फाईल नंबर आला की क्लास वन, म्हणजे पुढची कडक तपासणी, डीजीसीएनं मान्य केलेल्या केंद्रात. ते हातात आलं की पेपर: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल. प्रत्येकाला ७० टक्के हवेत. घरी बसूनही अभ्यास होतो. आणि हे सगळं झाल्यावर फ्लाइंग, म्हणजे मोठे पैसे. सगळं धरून, टाईप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान चालवायचं प्रशिक्षण) सकट, ५० लाखांपासून पुढं कोटीपर्यंत कितीही.

पोरगी वहीत लिहून घेत होती. माझ्यापेक्षा तिचंच अक्षर आज जास्त सुबक आलंय.

गुरुवार

आज खरी चकमक. बॅकअप काय ठेवायचा, यावर.

तिचं म्हणणं: आत्ताच बारामतीला नाहीतर गोंदियाला फ्लाइंग सुरू करायचं, सोबत दूरशिक्षणानं कसलीतरी पदवी. रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी ॲकॅडमी आहे, तिची प्रवेश परीक्षाही द्यायची. तिचा मुद्दा बिनतोड आहे हे मान्य करावं लागतं. एअरलाइनमध्ये सगळं सीनियॉरिटीवर. आज आपल्या आधी जो लागला तो कायम आपल्या पुढं, कॅप्टनची सीटही त्याला आधी. रिटायरमेंट ६५ ला. "मी तीन वर्षं उशिरा लागले तर ती तीन वर्षं शेवटची जाणार, पप्पा. कॅप्टनच्या पगाराची." हिशोब कच्चा नाही तिचा. धंद्यात घेतली असती हिला.

माझं म्हणणं: 'कसलीतरी पदवी' हा बॅकअपच नव्हे. तो कागद भाच्याकडंही होता. मी गेले काही दिवस वाचतोय, त्यात एक वाट बरी दिसली. एअरपोर्ट अथॉरिटीत एअर ट्रॅफिक कंट्रोलसाठी, म्हणजे टॉवरमधून विमानांना वाट दाखवायच्या कामासाठी भरती होते. फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन पूर्णवेळ बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंग लागतं, वय २७ पर्यंत. पूर्णवेळ म्हटलंय, बाहेरून चालत नाही. म्हणजे राजाराम कॉलेजला नाहीतर विवेकानंदला बी.एस्सी. केलं, तर तेच फिजिक्स, तेच हवामान, तीच विमानं, फक्त काचेच्या या बाजूनं. त्यालाही मेडिकल आहे, हे खरं, पण पायलटपेक्षा वेगळ्या निकषांचं. आणि तेही नाही जमलं तर हातात निदान पदवी राहते, जिला दरवर्षी डॉक्टरची सही लागत नाही. पायलटला क्लास वन दरवर्षी करावं लागतं. एका वर्षी नाही म्हणाले की पगार थांबला. यावर ॲकॅडमीवाले बोलत नाहीत. मला तर वाटतं, बॅकअप हा नापासांसाठी नसतोच. लागलेल्या पायलटलाच तो जास्त लागतो.

हिनं मध्येच विचारलं, "आणि एनडीए?" पोरींना २०२२ पासून खडकवासल्याला घेतात. पोरीनं मान हलवली. युनिफॉर्म घालायचा तर मनापासून, दुसरीकडं जायची पायरी म्हणून नव्हे, असं तिचं मत. इथं मी गप्प बसलो, कारण बरोबर आहे.

रात्री जेवताना तिनं नवा डाव टाकला. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी मध्येच थांबवून परत येता येतं, क्रेडिट जमा राहतात. म्हणजे पहिलं वर्ष बी.एस्सी. करते, त्याच वर्षात क्लास वन आणि सगळे पेपर काढते. निघाले तर पुढच्या उन्हाळ्यात फ्लाइंग, आणि लायसन्स झाल्यावर उरलेली पदवी. नाही निघाले तर बी.एस्सी. चालूच आहे. मला दोन-तीन शंका आहेत. परत येऊन कॉलेजला बसेल कोण, ही पहिली. मध्ये तुटलेली पदवी त्या भरतीत कशी धरतील, ही दुसरी. ते कॉलेजात जाऊन विचारायला हवं. पण वर्षभर तरी मोठा पैसा बाहेर जात नाही, आणि डोळे-कान-हृदय काय म्हणतात ते आधी कळतं. मी हो म्हटलं.

बँकेतही जाऊन आलो. एवढ्या कर्जाला तारण लागणार म्हणाले. गोकुळ शिरगावचं शेड आधीच व्हीएमसी मशिनसाठी गहाण आहे. राहिला उचगावचा प्लॉट, तो हिच्या माहेरकडून आलेला, हिच्या नावावर. विचारल्यावर ही म्हणाली, "आधी तिचे पेपर निघू देत. मग माझ्या सहीचं बघू."

पोरीनं पुण्याच्या डॉक्टरांची क्लास टूची तारीख घेतलीय. सकाळी उपाशीपोटी जायचंय, रक्ताची तपासणी आहे. पहाटेची गाडी धरावी लागेल.