देणाऱ्याचं नाव

निवडणूक आयोगाच्या खर्चाच्या वहीत तीन रंगांची पानं असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोखीचा हिशेब, पिवळ्यावर बँकेचा. 2024 च्या विधानसभेला एका अपक्षाची ही वही माझ्याकडे होती. मतदारसंघ परभणी जिल्ह्यातला, एवढंच सांगते. मी तालुक्याच्या गावी करसल्लागार आहे, व्यापाऱ्यांचं जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरते. उमेदवार आमच्याच कोर्टातले वकील, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. "ताई, हिशेब तुम्हीच बघा," म्हणाले. मी एक अट घातली. पैसा आत येताना मला विचारून येईल. बाहेर जाताना बघायला आयोग बसलाच आहे.

आणि तो खरोखर बसलेला असतो. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 प्रमाणे अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा हिशेब ठेवायचा, निकालानंतर 30 दिवसांत सादर करायचा, नाही केला तर 3 वर्षं अपात्र. चहा, खुर्ची, मंडप, हार, भोंगा, जीप, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. पण पैसा कुणी दिला यासाठी रकाना केवढा, तर नाव, पत्ता आणि रक्कम. का दिला, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे पुढाऱ्यांना पैसा कोण पुरवतो ते शेंबडं पोरही सांगेल. गुत्तेदार, वाळूवाले, प्लॉटिंगवाले, संस्थाचालक.

निवडणुकीच्या पैशाच्या सगळ्या गाजलेल्या भांडणांतही चर्चा खर्चाचीच होते. 2013 मध्ये बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे मुंबईतल्या एका कार्यक्रमात बोलून गेले की 2009 च्या लोकसभेला आपला 8 कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा होती 25 लाख. आयोगाची नोटीस आली, चॅनेलांवर आठवडाभर 8 कोटी विरुद्ध 25 लाख चाललं. ते 8 कोटी कुणाचे, हा प्रश्न मला तरी कुठे ऐकू आला नाही. नांदेडच्या अशोक चव्हाणांचं पेड न्यूजचं, म्हणजे पैसे देऊन बातम्या छापून आणल्याच्या आरोपाचं प्रकरणही खर्च कमी दाखवला की नाही यावरच लढलं गेलं आणि 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश रद्द केला.

असो. आमची सुरुवात बँकेच्या खात्यापासून झाली. निवडणुकीसाठी वेगळं खातं लागतं आणि ते अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं असावं लागतं. अर्जाची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर, दिवाळी तोंडावर, बँकेत मुंगी शिरायला जागा नाही. भाऊंना वहिनींबरोबर संयुक्त खातं हवं होतं. तसं चालत नाही. उमेदवाराच्या एकट्याच्या नावावर, नाहीतर निवडणूक प्रतिनिधीबरोबर. घरच्या माणसाचं नाव, तो प्रतिनिधी नसेल तर, नको.

मग पहिला पैसा कुठून? भाऊ म्हणाले, विहिरीवरचं दोन एकर रान काढतो, पदरचा पैसा सगळ्यात स्वच्छ. याला माझा विरोध होता, अजूनही आहे. पदरचा पैसा दिसायला स्वच्छ, पण रान विकून निवडून आलेल्या माणसाच्या मनात ते रान पाच वर्षं फिरत राहतं. वसुली करायची नाही असं तो रोज ठरवणार आणि टक्केवारीचं पहिलं पाकीट आलं की त्याला आधी विहीर आठवणार. शिवाय ज्याच्याकडे रानच नाही त्याने उभं राहायचंच नाही, असा त्याचा अर्थ होतो. वहिनींनी वाद एका वाक्यात मिटवला. सात-बारावर आपलंही नाव आहे, म्हणाल्या.

राहिली वर्गणी. त्यासाठी मी नियम केला की जो आपलं नाव लिहू देईल त्याचाच पैसा घ्यायचा. सोपा वाटला.

पहिला माणूस ज्याच्यासाठी हा नियम केला तसाच आला. रस्त्यांची कामं घेणारा एक गुत्तेदार. स्वतः आला नाही, माणूस पाठवला. "पंपावर सांगून ठेवलंय. गाड्या लावा, डिझेल भरा, चिठ्ठी द्यायची गरज नाही." मी म्हटलं, फुकटचं डिझेलही हिशेबात धरावं लागतं, बाजारभावाने खर्चात आणि देणगीत दोन्हीकडे. मालकांचं नाव आणि पत्ता सांगा. तो हसायलाच लागला. "ताई, नाव लिहायचं तर मग देऊन उपयोग काय?" नंतर कळलं, त्याच पंपावर दुसऱ्या तीन उमेदवारांच्या गाड्याही भरत होत्या. कोण निवडून येणार यावर तो पैज लावत नव्हता, सगळ्याच घोड्यांचा चारा त्याने विकत घेऊन ठेवला होता.

दुसऱ्यांदा हाच नियम मला आडवा आला. खत-बियाण्यांचं दुकान असलेला एक तरुण, भाऊंनी त्याची एक केस फुकट लढवलेली. पाच हजार घेऊन आला आणि नाव लिहायला लागले तसा दचकला. "आमचं नाव कामून लिहायलात? उद्या दुकानावर तपासणी आली तर भाऊ येणारेत का सोडवायला?" भाचीच्या नावाने लिहा म्हणाला. ते मी केलं नसतं, केलं असतं तर वहीलाच अर्थ राहिला नसता. त्याने पैसे परत घेतले. मला राग आला नाही. सत्ताधाऱ्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या अपक्षाला वर्गणी दिल्याचं सरकारी कागदावर नोंदलं जाणं ही तालुक्याच्या गावात लहान गोष्ट नाही. कृषी केंद्राचा परवाना सरकारच्या हातात असतो.

हाच मुद्दा मोठ्या लोकांनी मोठ्या कोर्टात मांडून झाला होता. पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांच्या बाजूने सरकारचा एक युक्तिवाद असाच होता, देणाऱ्याला सूड घेतला जाण्याची भीती असते, म्हणून नाव गुप्त हवं. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती योजना रद्द केली. त्या निकालात एक भेद केला आहे. आपलं राजकीय मत म्हणून दिलेल्या लहान देणगीला खाजगीपण असू शकतं, धोरण वळवण्यासाठी दिलेल्या पैशाला नाही. पक्षांच्या बाबतीत कायद्यातच रेघ आहे, कलम 29-सी प्रमाणे 20,000 च्या वरच्याच देणग्या आयोगाला कळवायच्या. उमेदवाराच्या नमुन्यात अशी रेघ नाही. म्हणजे पक्षाला 19,000 देणारा अहवालात दिसत नाही आणि आमच्या भाऊंना 500 देणारा गुलाबी पानावर येतो. त्यातून पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाहीच, स्टार प्रचारकाचं हेलिकॉप्टर उतरलं तरी त्याचा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही.

करातही तेच. पक्षाला चेकने दिलं तर आयकरात वजावट मिळू शकते, अपक्षाला दिलं तर शून्य. दर मार्चला माझ्याकडे एजंट येतात. अमुक नोंदणीकृत पक्षाला देणगी दाखवा, टक्के कापून बाकीचे रोख परत. कधी प्रचाराची एक गाडी न फिरवलेले पक्ष आहेत हे.

तिसरी गोष्ट मात्र मी भाऊंकडून शिकले, आणि ती आमच्या भांडणातून. मोंढ्यातल्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारातल्या काही आडत्यांनी मिळून पन्नास हजारांचा चेक आणला. नावं लिहा, पत्ते लिहा, आमची हरकत नाही. दहा हजारांच्या वर रोखीने घेता येत नाही, तीही अडचण नव्हती. मी घ्यायच्या बाजूची होते. पण त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये आणि मोंढ्यात माल त्याच्या खाली जात होता. भाऊ गावोगाव हेच बोलत होते. "चेक घेतला तर ते मला गप्प बसा म्हणणार नाहीत, ताई. मीच जरा हळू बोलेन." चेक परत गेला. आडते चांगले लोक होते, एकदोघं माझे अशील आहेत, महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

बाकी पैसा गावांतून आला. शंभराच्या, पन्नासाच्या नोटा, मंदिरापुढच्या बैठकीत रुमालावर. प्रत्येकाचं नाव लिहायचं आणि रोख आधी बँकेत भरून मगच खर्चायची. दोन मुलं फक्त नावं लिहायला ठेवली होती. एका वस्तीवरच्या बायकांनी कार्यकर्त्यांसाठी भाकरी-ठेचा पाठवला. दरपत्रकात जेवणाची थाळी होती, भाकरी-ठेचा नव्हता. मी थाळीच्या दराने खर्च धरला आणि तेवढीच देणगी दाखवली. नावं विचारायला गेले तर एक आजी म्हणाल्या, "भाकरीला बी सही लागती का आता?"

प्रचारात तीनदा वही तपासून घ्यावी लागते. आयोगाची माणसं सभांचं चित्रीकरण करून आपली वेगळी छाया निरीक्षण नोंदवही ठेवतात आणि आपल्या वहीशी ताडून बघतात. त्यांनी एका सभेच्या खुर्च्या आमच्यापेक्षा बऱ्याच जास्त मोजल्या होत्या. नोटीस आली, 48 तासांत खुलासा. मंडपवाल्याने दुसऱ्या दिवशीच्या लग्नाच्या खुर्च्याही तिथेच आणून रचल्या होत्या. त्याच्याकडून लग्नाचं बिल आणलं, व्हिडिओत त्या एकावर एक रचलेल्या दिसतात हे दाखवलं. मान्य झालं. ज्या नजरेने खुर्च्या मोजल्या त्या नजरेने पंपावरच्या रांगेकडे कुणी बघितलं असतं तर, असं मनात येऊन गेलं.

23 नोव्हेंबरला निकाल. डिपॉझिट जप्त. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आमची त्याच्या आसपासही नव्हती. हिशेब मात्र मुदतीत दिला, परिशिष्टात सगळ्या देणाऱ्यांची यादी आणि भाऊंचं शपथपत्र जोडून. थोडी शिल्लक होती. ज्यांनी हजारावर दिले होते त्यांना विचारलं, बहुतेकांनी पुढच्या वेळेला ठेवा म्हटलं. दोघांनी मागितली, दिली.

हा हिशेब एक रुपया शुल्क भरून कुणालाही बघता येतो. पण बघायचा कधी, तर मत देऊन झाल्यावर. त्याचा मतदाराला काय उपयोग? म्हणून पुढच्या निवडणुकीसाठी भाऊंपुढे मी नवी अट ठेवली आहे. पाच हजारांच्या वर देणाऱ्यांची यादी दर आठवड्याला प्रचार कार्यालयाच्या दारावर लावायची, त्याखालच्यांची नावं वहीत, दारावर नाही. भाऊ म्हणतात, मग पाच हजारांच्या वर कुणीच देणार नाही. मी म्हटलं, चार हजार नऊशे देतील की.

त्यांचा होकार अजून आलेला नाही.