रस्त्याखाली गेलेला माळ दुसरीकडे उभा करताना – माझा अनुभव

नागपूरच्या बाहेर एका रस्त्याचं रुंदीकरण होतं, त्यातली पर्यावरणाची बाजू माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं होतं की झाडं मोजायची, रोपं लावायची, फोटो जोडायचे आणि फाइल बंद. पण कर्ज देणाऱ्या बँकेची अट होती की रस्त्यामुळे जेवढा नैसर्गिक अधिवास जाईल तेवढा दुसऱ्या जागी उभा करून द्यायचा, आणि तोही त्याच प्रकारचा. या ‘त्याच प्रकारचा’ मुळे माझी अडीच वर्षं गेली.

आधीच्या रिपोर्टमध्ये फक्त झाडांची यादी होती. कडुनिंब, बाभूळ, पळस, प्रत्येकाचा घेर सेंटिमीटरमध्ये लिहिलेला, आणि मधला १२ हेक्टरचा माळ एका ओळीत, ‘पडीत जमीन’. मी पाऊस ओसरल्यावर तिथं गेले तर कमरेपर्यंत गवत, त्यात कुसळी, पवन्या, ओलीच्या जागी मारवेल असे गवताचेच प्रकार, मध्येमध्ये बोरीची खुरटी झुडपं, आणि चार पावलं टाकली की पायाखालून तितर भर्रकन उठायचे. खूप वाईट वाटलं मला. यादीत झाड नाही म्हणून हा माळ कुणाच्या हिशेबातच नव्हता.

भरपाई ही खरं तर शेवटची पायरी आहे हे मला याच कामात नीट कळलं. आधी नुकसान टाळायचं, मग कमी करायचं, मग जागेवर दुरुस्त करायचं, आणि तरी जे उरेल त्याचीच भरपाई दुसरीकडे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना रस्त्याखालून जायला ९ बांधकामं आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरचं, आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्याखालून वाघ जाताना दिसलेत. मीटिंगमध्ये मी हेच उदाहरण दिलं. आमचा रस्ता त्यामानाने लहान, पण मजुरांचा कॅम्प आणि मुरमाची खोदाई दोन्ही माळावरून हलवून घेतली. त्याने जवळपास ३ हेक्टर वाचले, आणि जे वाचलं ते परत उभं करावं लागलं नाही.

उरलेल्या ९ हेक्टरसाठी जागा शोधताना सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिली जागा आवडली होती पण सातबारावर झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन अशी नोंद निघाली. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत हा प्रकार आहेच, ती वन धरायची की नाही हे तेव्हा स्पष्ट नव्हतं, म्हणून ती सोडून दिली, आणि ते बरंच झालं, कारण पुढे २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने झुडपी जंगल हे वनच आहे असं सांगितलं, आणि वनेतर जमीन मिळत नाही असं मुख्य सचिवांनी प्रमाणित केल्याशिवाय ते भरपाईच्या वनीकरणाला द्यायचं नाही असंही म्हटलं. शेवटी हिंगण्याच्या पुढे एका गावाचं गायरान मिळालं. ग्रामसभा, तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय, सगळीकडे फेऱ्या झाल्या, त्यावर जास्त लिहीत नाही, फक्त प्रत्येक कागदाची पोच घ्या.

खरी अडचण पुढे आली. आमच्याच ऑफिसातून प्लॅन आला की हेक्टरी १,००० रोपं. वनजमिनीच्या बदल्यातल्या वनीकरणाचा हा आकडा, तो जसाच्या तसा गवताळ माळावर टाकलेला. करंज, सुबाभूळ, गिरिपुष्प. मी म्हटलं साहेब, इथं सावली झाली की गवत संपेल, गवत गेलं की तितर कुठे राहील? पटेना. मग मी पाकिटातून कुसळीचं एक बी काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या लांब काळ्या शेपटीवर पाण्याचा एक थेंब टाकला. ती शेपटी हळूहळू पीळ सोडत फिरायला लागली. पहिला पाऊस पडला की हे बी असंच स्वतःला मातीत गाडून घेतं, त्याला खड्डा लागत नाही. साहेब बराच वेळ बघत बसले. दुसऱ्या दिवशी सुधारित प्लॅन मागवला.

गावात वेगळाच प्रश्न होता. गावची गुरं राखणाऱ्या गायकी काकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, ‘ताई, तुम्ही कुंपण करसान तं आमचे ढोरं कुठं जातीन?’ बरोबरच होतं त्यांचं. गायरान त्यांचंच, रस्त्याचं नुकसान त्यांनी का भरायचं? मग ठरलं की एक तुकडा चराईला कायम मोकळा, बाकीच्यावर दोन पावसाळे चराईबंदी पण गवत कापून न्यायची मुभा, तेही बी झडल्यावरच. राखणदार गावातलेच दोघं, पगार वेळेवर. हे आधी ठरवलं नसतं तर पहिल्याच उन्हाळ्यात कुंपण गेलं असतं.

बी आम्ही २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास त्याच जुन्या माळावरून गोळा केलं, मशीन यायच्या आधी. गावातल्या बायका होत्या, सगळ्यांच्या लुगड्यांना कुसळं. ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने कोरडं ठेवावं लागतं, म्हणून पोत्यांत ठेवलं, आणि जूनमध्ये माती आणि शेणखतात कालवून गोळ्या करून टाकलं. त्याआधी रायमुनिया (घाणेरी) मुळासकट उपटली, नुसती कापली तर ती दुप्पट जोमाने येते.

पहिल्या पावसाळ्यात गाजर गवतच जास्त आलं, मला रडू यायचं बाकी होतं. फुलावर यायच्या आधी उपटत राहिलो. दुसऱ्या पावसाळ्यात एक मीटरची लोखंडी चौकट टाकून मोजलं तेव्हा बहुतेक ठिकाणी कुसळी होती, पवन्या काही जागीच. मारवेल अजून नाही. तितराचा आवाज येतो, घरटं मला दिसलेलं नाही.

करारात देखभाल १० वर्षांची आहे, पैसे मात्र सध्या तीनच वर्षांचे मंजूर झालेत, त्यासाठी पत्रव्यवहार सुरू आहे. इंग्लंडमध्ये २०२४ पासून अशा जागेची जबाबदारी किमान ३० वर्षांची असते, ते मी पत्रात लिहिलंय. तोवर जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढायची आहे, होळीच्या आधी, गवत आता पूर्ण वाळलंय.