गुरुवार सोडून कधीही ये

मी पुण्यात एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करतो, ट्रस्ट-संस्थांच्या फायली माझ्याकडेच असतात. मागच्या महिन्यात चिंचवड साईडच्या एका व्यापारी संघटनेचं काम आलं. बँकेत सह्या बदलायच्या होत्या आणि बँक म्हणे शेड्यूल वनचा उतारा आणा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीतली विश्वस्तांची यादी. उतारा काढला तर ११ विश्वस्त, त्यातले ९ वारलेले! विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, टाकायचा असतो, तो कोणी टाकलाच नव्हता, म्हणजे कागदोपत्री संघटना अजून स्वर्गातूनच चालू होती.

आता कोणानंतर कोण विश्वस्त झालं ही सगळी साखळी पहिल्यापासून लावायची म्हणजे जुनी प्रोसिडिंग बुकं, सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, हवीत. ती होती एका किराणा दुकानाच्या माळ्यावर, गुळाच्या ढेपांच्या वर. तिथले काका सत्तरीच्या पुढचे, त्यांनी स्वतः शिडी लावून दिली आणि मी दिवसभर तिथेच पोत्यावर बसून वाचत राहिलो.

मराठा चेंबर, म्हणजे पुण्यातली व्यापार-उद्योगवाल्यांची मोठी संस्था, १९३४ सालचं, त्याचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो, पण उपनगरातल्या अशा संघटनांचा इतिहास म्हणजे उंदरांनी कोपरे खाल्लेली ही वहीच. इथे पिंपरी-चिंचवडला नगरपालिकाच १९७० ला झाली, महानगरपालिका १९८२ ला, संघटना त्या दोन्हींच्या मधली. दरवर्षी वर्धापनदिनाच्या भाषणात सांगतात की आमची संघटना जकातीविरुद्ध लढायला उभी राहिली. पहिल्या सभेच्या पानावर जकातीचा ज पण नाही हो! विषय एकच, साप्ताहिक बंद कोणत्या वारी ठेवायचा. विजेच्या स्टॅगरिंगमुळे, म्हणजे विजेचा भार वाटायला भागाभागाला वेगळ्या वारी सुट्टी असल्यामुळे, इकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणजे कामगार बायकापोरांसकट बाजारात येणार तो गुरुवारीच, आणि काही कापडवाल्यांना नेमका गुरुवारच बंद हवा होता. किराणावाले पेटले. चार पानं नुसती भांडणं, एकाने रागाने सही केलीच नाही, भाजीवाल्या मावशींचा मात्र अंगठा आहे, आणि ऑफिसात ज्यांचा हार घातलेला फोटो 'संस्थापक अध्यक्ष' म्हणून लावलाय त्यांचं नाव या सभेत नाहीच, ते थेट तिसऱ्या वर्षी उगवतात.

काकांना दाखवलं तर हसले. म्हणाले, "फोटो राहू दे, त्यांच्या पोराने हॉलचा पत्रा दिलाय. तू रिपोर्टात खरं लिही." मग २०१३ चं काढलं त्यांनी, १ एप्रिलला जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला तेव्हाच्या व्यापाऱ्यांच्या बंदचं. शटर अर्ध्यावर ओढून मागच्या दाराने दूध-साखर देत होते म्हणे, नेहमीच्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार.

आता ९ जणांचे मृत्यूचे दाखले गोळा करायचेत, दोघांची मुलं तर पुणं सोडून गेलीत. निघताना म्हटलं काका, गुरुवारी सह्यांना येतो. ते वजनकाट्यावरची साखर बघतच म्हणाले, "गुरुवार सोडून कधीही ये."